नवी व्हायला तयार नसलेली मोटार

ती हकिकत आठवली की आजही भर उन्हात माझ्या अंगावर काटा येतो. नोकरीत दरोडे पाहिले, खून पाहिले, विहिरीतून प्रेतं वर काढली. त्यातलं निम्मंअधिक विसरलो. ती हिरवी मोटार मात्र काही केल्या विसरता येत नाही.

सत्तरच्या दशकाची सुरुवात असेल. धुळे जिल्ह्यात नरडाण्याच्या बाजूला एका ठाण्याचा चार्ज मी नुकताच घेतला होता. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होऊन गेली होती. वैशाखाचं ऊन असं, की दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसे. ठाणे अंमलदार पंख्याखाली डुलक्या घेत होता आणि मी त्याच्यावर खेकसणार, तेवढ्यात एक माणूस आत आला. जळगावचा मोटार मिस्त्री. कोपरापर्यंत ग्रीस, ओठ कोरडे पडलेले.

"साहेब, माझी पान्यांची पेटी तेवढी आणवून द्या," तो म्हणाला. "मी त्या शेडमध्ये पुन्हा पाय ठेवणार नाही."

"का रे बाबा, भूत आहे का तिथे?"

मी थट्टेने विचारलं. तो हसला नाही. त्याला पाणी पाजलं, तेव्हा तो बोलता झाला.

जवळच्या गावात कपाशीचा मोठा बागायतदार होता. सगळे त्यांना नाना म्हणत. त्यांच्या थोरल्या मुलाने देश सोडून चाललेल्या एका गोऱ्या साहेबाकडून इंग्लिश बनावटीची दोन सीटची उघडी मोटार घेतली होती. गर्द हिरवा रंग, बसकी, लांब नाकाची. आदल्या वर्षी ती नाल्यावरच्या पुलाच्या कठड्यावर आदळली आणि डाव्या सीटवर बसलेला थोरला जागीच गेला. घरचा ड्रायव्हर चालवत होता, तसा त्याने स्वतःच जबाब दिला होता. निष्काळजीपणाने मरणास कारण झाल्याबद्दल त्याच्यावर कलम ३०४ अ खाली खटला चालू होता. तो जामिनावर होता आणि निकाल तोंडावर आला होता. हा तपास माझ्या आधीच्या अधिकाऱ्याच्या वेळचा.

पंचनामा झाल्यावर मोडकी मोटार घरच्यांच्या ताब्यात दिली गेली. थोरल्याच्या आईने, म्हणजे आक्कांनी, तेव्हाच बजावलं होतं की पोराच्या नावाची पहिली घागर भरल्याशिवाय गाडीला कोणी हात लावायचा नाही. खान्देशात आखाजीला घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याची घागर भरतात. घरात नुकतंच कोणी गेलं असेल तर त्या पहिल्या घागरीला फार मान. असा शब्द कोणी मोडत नाही. धाकट्या मुलानेही मोडला नाही. आखाजी झाली आणि लगेच त्याने जळगावहून मिस्त्री बोलावला. मोटार कारखान्यातून आत्ता आणल्यासारखी झाली पाहिजे, सीटसुद्धा नव्या, असं त्याचं सांगणं.

"पहिल्या दिवशी मी पुढचा फुटका दिवा काढून टाकला," मिस्त्री सांगू लागला. "सकाळी बघतो तर दिवा जागेवर. काचेचे तुकडेसुद्धा एकाला एक लावून ठेवलेले! दुसऱ्या दिवशी दाराचा चेपलेला पत्रा उतरवला, तोही परत जागेवर टेकवलेला. आज सीटचे बोल्ट सोडवायला वाकलो, तर भोंगा वाजला. गाडीत कोणी नव्हतं, साहेब, देवाशपथ! त्या गाडीला नवं व्हायचंच नाही."

भुताला समन्स बजावता येत नाही, त्यामुळे माझा भुतांवर विश्वास नाही. पण माणूस खोटं बोलतोय की घाबरलाय, एवढं पोलिसाला कळतं. हवालदाराला घेऊन मी तसाच निघालो.

शेड घरामागे होती. पत्रा उन्हाने कडकड वाजत होता. आत शिरल्यावर आधी काही दिसेना. मग फटींतून आलेल्या उन्हात मोटार दिसली. धुळीने पांढुरकी झालेली, नाक आत गेलेलं. खाली अपघाताच्या काचा तशाच. डाव्या सीटवर काळा पडलेला मोठा डाग आणि त्या डागावर आखाजीची मातीची घागर, तिच्या तोंडावर खरबूज. खरबूज नासलं होतं. त्याचा गोडसर वास सगळ्या शेडभर कोंडला होता. त्या सीटच्या पायाशी एक बूट होता, एकच. हवालदार राम राम पुटपुटायला लागला.

आणि भोंगा वाजला.

काचेजवळ बसवलेला रबरी फुग्याचा भोंगा होता तो. खोटं कशाला सांगू, माझा हात पट्ट्याकडे गेला. मग मोटारीच्या पलीकडून एक बाई सावकाश उभी राहिली. डोक्यावरून पदर, बुटकी, वाळलेली. आक्का होत्या. मिस्त्री वाकला होता तेव्हाही त्या तिथेच, मोटारीआड बसलेल्या होत्या.

आवाज ऐकून धाकटाही धावत आला. ठेंगणा, गोरा, तोंडचा गोड. "साहेब, आईच्या डोक्यावर परिणाम झालाय," तो म्हणाला. "दादाची गाडी अशी मोडकी बघवत नाही हो. नवी करून दाराशी उभी केली तर त्याचं नाव तरी राहील."

आक्का त्याच्याकडे न बघता म्हणाल्या, "नवी करी टाकी, मंग ती मना आंडोरनी गाडी कशी राही?" आंडोर म्हणजे मुलगा.

खरं तर मला पोराचंच पटलं होतं. मोटार ही चालण्यासाठी असते, तिचं लोणचं घालून काय करायचं? तसं मी बोलूनही दाखवलं. आक्कांनी ऐकून घेतलं. मग माझ्या उंचीकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडून धरलं.

"भाऊ, बठा," त्या म्हणाल्या.

त्या आवाजाला नाही म्हणता येईना. मी बसायला गेलो आणि अडकलो. गुडघे स्टिअरिंगखाली जाईनात, पोट चाकाला टेकलं. सीट पार पुढे ओढलेली होती. मागे सरकवू गेलो तर हलेना. हवालदाराने टॉर्च धरला तेव्हा कारण दिसलं. धडकेत खालचा पत्रा वर उचलला गेला होता आणि सीट ज्यावर सरकते ती पट्टी त्यात वाकून चेपली होती. म्हणजे धडक बसली त्या क्षणी सीट जिथे होती तिथेच ती कायमची अडकली होती. इतक्या पुढे सीट घेऊन बुटका माणूसच चालवणार. मी वर पाहिलं. धाकटा शेडमध्ये नव्हता.

मी मोटार पुन्हा ताब्यात घेतली, शेडला सील ठोकलं आणि कोर्टाला तसा अहवाल पाठवला. परवानगी मिळाल्यावर ड्रायव्हरला, दोन पंचांना आणि मोटार वाहन निरीक्षकाला घेऊन शेडमध्ये गेलो. ड्रायव्हर माझ्याहूनही वीतभर उंच. नानांनीच लहानाचा मोठा केलेला, अनाथ.

"गाडी कोण चालवत होतं?"

"मीच, साहेब."

"कसा बसला होतास?"

"बसतात तसा."

"मग बसून दाखव."

एक पाय आत गेला. दुसरा काही जाईना. वाकून पाहिलं, आडवा होऊन पाहिलं. पंच तोंडाला रुमाल लावून हसत होते आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अरे गाढवा, तुरुंगात जाशील! कोणासाठी?" मी ओरडलो. तेव्हा तो तसाच, एक पाय आत आणि एक बाहेर, हमसून रडायला लागला. "नानांना शब्द दिला, साहेब," तो म्हणाला. "एक पोरगा गेला, दुसरा तरी वाचू दे म्हणाले. पायावर डोकं ठेवलं हो त्यांनी माझ्या."

मोटार वाहन निरीक्षकानेही पट्टी धडकेतच वाकल्याचा निर्वाळा दिला. धाकट्याला फार विचारावं लागलं नाही. अपघाताच्या वेळी परवाना नव्हता, दारू प्यायला होता, पुढच्या महिन्यात साखरपुडा ठरलेला. दादाने नको म्हटलं तरी हट्टाने चाक हातात घेतलं होतं.

अटकेच्या दिवशी मी आक्कांना एकटं गाठून विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं?"

"माले बठ्ठं माहीत व्हतं, भाऊ," त्या म्हणाल्या. "धाकलानी छातीवर चाकना वळ व्हता. मीच हळद लावी. ड्रायव्हरले खरचटेल बी नव्हतं."

नवऱ्याने ड्रायव्हरकडून घेतलेल्या शब्दापुढे चारचौघांत तोंड उघडायची त्या घरात सोय नव्हती. म्हणून त्यांनी मोटार राखली. काढलेला प्रत्येक तुकडा परत जागेवर लावला, कोणीतरी येऊन बघेल म्हणून. आणि जो येईल तो आपल्याच पोराला घेऊन जाणार, हे त्या बाईला पहिल्या दिवसापासून कळत होतं! मला तिथे उभं राहवेना.

"जेवू घालस, मंग लई जा," त्या म्हणाल्या.

मी ओट्यावर थांबलो. नाना भिंतीकडे तोंड करून बसले होते. आत धाकटा घास गिळू शकत नव्हता, तर आक्का त्याला भरवत होत्या. मी बेडी खिशातच ठेवली.

वरिष्ठांनी माझी पाठ थोपटली, पेपरात बातमी आली. पुढे नवी अधिकारी मंडळी विचारायची, त्या केसमधून काय शिकलात? मी म्हणायचो, घटनास्थळ जसं आहे तसं राखा, झाडलोट करू देऊ नका. ते खरंही आहे. पण जे खरोखर शिकलो ते कोणाला सांगता आलं नाही. निघताना आक्का दारात आल्या. कोणी परीक्षेला निघालं, शुभकार्याला निघालं की ठेवतात, तसं त्यांनी पोराच्या तळहातावर दही ठेवलं. ते त्याने चाटून खाल्लं आणि माझ्यापुढे चालू लागला.