जास्वंदीवरचे पांढरे ठिपके

रिटायर झालं की माणसाला काहीतरी नाद लागतो. आमच्या पडेगावच्या कॉलनीत कुणी भजनाला लागलं, कुणी शेअरला, एकानं गच्चीवर कबुतरं पाळली. मला फुलांच्या फोटोंचा नाद लागला. नुसते काढायचा नाही, काढून झाल्यावर त्यांना नटवायचा. सगळी नोकरी एस.टी.च्या आरक्षणाच्या खिडकीमागं गेली. जाळीतून दिसेल तेवढा माणूस बघायचा, जागा द्यायची, पुढचा. एखादी गोष्ट जवळ जाऊन, सावकाश बघायची सवयच नव्हती. पहिल्या फोटोंत फूल कमी आणि माझा अंगठा जास्त असायचा.

मुलीनं पुण्याहून फोनवर शिकवलं. ही पट्टी सरकवली की रंग चढतो, ती सरकवली की उजेड वाढतो, आणि इथं बोट ठेवून घासलं की नको असेल ते पुसलं जातं. एवढं कळल्यावर मला आवरणं कठीण झालं.

बाग बायकोची होती. बाग म्हणजे गळके ड्रम, तेलाचे डबे आणि एक तडकलेलं बेसिन. नळाला पाणी कधी येईल याचा आमच्याकडं नेम नाही, त्यामुळं तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं पाणी डब्यांच्या वाट्याला. तेवढ्यावर तिनं शेवंती, मोगरा, गुलबक्षी, कारली, दोडकी सगळं जगवलं होतं. आणि पायरीजवळच्या ड्रमात जास्वंद. गावठी, पाच पाकळ्यांची, लाल. लग्नानंतर पहिल्या खेपेला माहेरी गेली तेव्हा देवगाव रंगारीहून तिनं ती काडी ओल्या फडक्यात गुंडाळून, एस.टी.त मांडीवर धरून आणलेली. तिच्या आईच्या अंगणातलं मूळ झाड पुढं रस्ता रुंद झाला त्यात गेलं. आई त्याच्या आधीच गेली होती.

तिची एक रीत होती. सकाळी देवाला फुलं तोडताना प्रत्येक झाडावर एक फूल ठेवायचं. "झाडाचं झाडाला," म्हणायची. ते ठेवलेलं एक फूल म्हणजे माझं त्या दिवसाचं गिऱ्हाईक. मी गुडघ्यावर बसून फोटो काढायचो, मग चहा घेत घेत पट्ट्या सरकवायचो आणि तिला दाखवायचो. ती चष्मा वर करून बघायची.

"हे फूल नाय. बँडवाल्याचा डगला हाय."

"अगं, रंग खुलवलाय."

"मी देवगाव रंगारीची हाय. रंगाचं मला नका शिकवू. जरा उतरवा."

उतरवायचो. पण कॉलनीच्या ग्रुपवर टाकताना पुन्हा चढवायचो. एकदा चढवता चढवता पांढरा मोगरा निळा झाला आणि मी तो तसाच टाकला. दुपारी शेजारच्या भाभी दारात. त्यांचे मियाँ गॅरेजवाले, घर आमच्या भिंतीला लागून; बायकोला त्या आपा म्हणायच्या.

"भाईसाब, ये नीला मोगरा हमना भी होना."

तेव्हा बायको त्यांच्यासाठीच जास्वंदीची काडी कापून, फडक्यात गुंडाळून बसली होती. भाभींनी खूप दिवसांपूर्वी मागितलेली. पण निळा मोगरा बघितल्यावर जास्वंद कोण घेतंय? मी खरं सांगायला हवं होतं. त्याऐवजी मी मोठ्या माणसासारखा मोगऱ्याची फांदी कापून दिली आणि म्हणालो, रुजल्यावर हळूहळू रंग धरतो. बायकोनं माझ्याकडं नुसतं बघितलं. ती जास्वंदीची काडी तिनं एका डब्यात खोचली. ती काही लागली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात भाभी भिंतीवरून म्हणाल्या, "तुम्हारा मोगरा हमारे घर कू आ को शरीफ हो गया, भाईसाब. सफेद के सिवा कुछ देताच नै."

बायको आठवडाभर हसत होती. मीही हा किस्सा पुढं कुठंकुठं रंगवून सांगितला. आता सांगवत नाही.

वाईट एवढंच की मला खरं बघायला तिनंच शिकवलं. मी गुलाबाच्या मागं. ती म्हणायची, कोथिंबिरीला फुलं आलीत, ती बघा. कारल्याचं बघा, चोळीच्या बटनाएवढं हाय. फुटक्या बेसिनात आपोआप आलेल्या गवताचं फूलही तिनंच दाखवलं, मी त्यावर पाय देणार होतो. मोठं केल्यावर त्यात जांभळ्या रेघा निघाल्या. लोक ग्रुपवर विचारायचे, कुठल्या बागेत गेला होतात? बेसिनजवळ, असं मी कधी लिहिलं नाही.

मग एक दिवस मी जास्वंदीच्या फोटोचा रंग पार टोकाला नेला. मुद्दाम, तिला चिडवायला. लाल असा की डोळे मिटावे.

ती बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, "आज कसं खरं आलं."

मी इतका खूश झालो की भिंतीशी जाऊन भाभींना सांगितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा पास झालो म्हणून. भाभी हसल्या नाहीत. त्यांनी फोटो बघितला, माझ्याकडं बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "भाईसाब, आपा चावल बीनते सो हाथ से टटोल के बीनते. मैं कब से देख रही. आँखों के डॉक्टर कने ले को जाओ."

डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, आतला पडदा मधोमध सुकत चाललाय. मधलं जाईल, कडेचं राहील. औषध? आहे त्याला जपायचं. घरी येताना रिक्षात ती म्हणाली, "म्हंजी तुमी समोर बसलात तर दिसणार नाय. बाजूला बसत जा." मी बाजूलाच बसलो होतो. दुसरीकडं बघत राहिलो.

त्यानंतर माझ्या नादाला काम मिळालं. फोन टीव्हीला जोडता येतो हे मुलीनं दाखवलं. सकाळी मी प्रत्येक झाडाचे फोटो काढायचो, पान, कळी, फूल, खोड, आणि तिला दिसतील असे करायचो. रंग वर, उजेड वर, कडा गडद. मग ती टीव्हीसमोर जरा तिरकी बसायची, साळुंकी बसते तशी मान वाकडी करून, आणि बागेत फेरी मारायची.

"शेवंतीचा शेंडा खुडा. पुढचं. दोडक्याला दोरी बांधा. पुढचं. जास्वंद दावा. बरी हाय. पुढचं."

माती, पाणी, छाटणी, सगळं ती पडद्यावर बघून ठरवायची आणि मी हुकूम पाळायचो. डोळे जात होते, पण बाग तिच्या हातात होती. मला तेव्हा स्वतःबद्दल फार बरं वाटायचं. असं बरं वाटायला लागलं की माझ्या हातून हमखास काहीतरी होतं.

पावसाळा संपता संपता जास्वंदीच्या देठांवर कापसासारखे पांढरे ठिपके दिसायला लागले. कोवळ्या फांदीच्या खाचेत, कळीच्या बुडाशी. मी ते पहिल्यांदा पाहिले ते फोटोत. लाल फुलाखाली पांढरी घाण बरी दिसेना. तिला फूल नीट दिसावं हा हेतू, आणि इतक्या वर्षांची सवय. बोट ठेवलं, घासलं, गेले. दुसऱ्या दिवशी जास्त होते, जास्त घासलं. पानाला, पाकळीला भोक असलं तर तेही बुजवायचो. सफाई इतकी जमली होती की कुठं पुसलंय हे माझं मलाही कळायचं नाही. झाडाकडं वळून बघायचं मला सुचलं नाही, कारण फोटो छान येत होते.

"जास्वंद दावा. बरी हाय. पुढचं."

मग कळ्या गळायला लागल्या. पायरीवर पडलेल्या तिच्या पायाला लागल्या म्हणून तिला कळलं. "कळ्या का टाकतीय ही? फोटोत तर काय दिसत नाय," म्हणाली, आणि भिंत धरून स्वतः बाहेर आली. ड्रमापाशी बसून फांदी हातात घेतली. खालून वर बोटं फिरवली. थांबली. पुन्हा फिरवली. चिमटीत काहीतरी चुरडून नाकाशी नेलं.

"चिकट लागतंय. कधीपासून हाय?"

मी पायरीवरच्या कळ्या गोळा करायला लागलो.

"फोटोत का नव्हतं?"

"पुसलं."

"कशानं?"

"बोटानं."

तिनं फांदी सोडली. मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, "बोटानं पुसायचंच व्हतं तर झाडावरलं पुसायचं ना."

पुढं सगळं केलं. साबणाचं पाणी, कडुलिंबाचं तेल, रोगट फांद्या छाटून जाळणं. भाभीही भिंतीपलीकडून येऊन माझ्याबरोबर जुन्या टूथब्रशनं देठ घासत बसल्या. म्हणाल्या, "उस वक्त लाल ले लेती तो आज इधर से काड़ी दे देती." मी मान वर केली नाही. झाड वरून वाळत खाली आलं. शेवटी वीतभर खोड उरलं. बायको रोज त्यावर नख मारून बघायची, आत ओलं लागतंय का. एका सकाळी नख मारलं, हात पदराला पुसला आणि आत गेली. परत तिनं बघितलं नाही.

एकदा संध्याकाळी म्हणाली, "ते भोकं पडलेलं फूल दावा. गेल्या सालचं. अळीनं खाल्लं व्हतं, मी तुमाला वरडले व्हते बघा." मी फोन उघडला. जास्वंदीचे पुष्कळ फोटो होते. एकाही फुलाला भोक नव्हतं. बदल केल्यावर मूळ फोटो ठेवायचा का असं तो फोन दर वेळी विचारायचा आणि मी दर वेळी नको म्हटलं होतं. तिच्या आईच्या अंगणातलं फूल जसं होतं तसं आमच्याकडं एकही नाही. आहेत ते सगळे बँडवाल्याचे डगले.

"नाही सापडत," म्हणालो.

"राहू द्या."

आता टीव्हीवरही तिला काही उमगत नाही. पट्टी टोकाला गेली, त्यापुढं सरकत नाही. त्यामुळं फुलं मी तोडतो, प्रत्येक झाडावर एक ठेवतो, आणि ठेवलेल्याबद्दल तिला तोंडानं सांगतो. पहिले काही दिवस वेलीच्या फुलावर मखमल बिखमल घालून सांगितलं. ती म्हणाली, पुरे. हाय तसं सांगा.

आज सकाळी दोडक्याच्या वेलीपाशी होतो. ती पायरीवर, रिकाम्या ड्रमाला टेकून.

"पिवळं आहे," म्हणालो. "एक पाकळी दुमडलीय. कडेला तपकिरी झालीय."

"आन् पानं?"

"बरी आहेत."

"वरनं बरी. खालनं बघितली का?"

गुडघे वाजवत खाली बसलो. पान उलटं केलं. डोळ्याशी नेलं.

"एक मुंगी आहे."

"येकच?" ती म्हणाली. "मुंगी उगा येत नाय. चिकट असंल तिथंच येती. पुढलं बघा."

मी पुढचं पान उलटं केलं.