शिंगाला न बांधलेले जू

त्या एका सोमवारची तक्रार माझ्या डोक्यातून अजून गेलेली नाही. रक्कम नऊ लाख. हजर तिघे: तक्रारदार, ठाणे अंमलदार आणि तपास अधिकारी म्हणून मी. तक्रारदार नवीन जालन्यातला बियाणे व्यापारी. प्राचीन इजिप्तचा म्हणून त्याने चुनखडीचा कोरीव दगड घेतला होता. त्यावर नांगर धरलेला शेतकरी, पुढे दोन बैल. एका जाणकाराने दगड नवा असल्याचे सांगितले, तेव्हा तो ठाण्यात आला.

विकणारा दलाल त्याच दिवशी हाती लागला, पण बोलण्यात पक्का. "साहेब, मीच फसलो. बदनापूरकडच्या एका पाथरवटानं जुना म्हणून गळ्यात मारला."

पाथरवटाला दलालासमोर बोलावले. जात्यांना टाकी लावणारा, साठीचा माणूस. खुर्ची दिली तरी बसला नाही.

"दगड तुम्ही कोरला?"

"म्याच. ह्यानं फोटो दिल्ता. बंगल्यात लावायचा म्हन्ला. जुना कुठून आला?" त्याने पिशवीतून फोटो काढून टेबलावर टाकला.

दोघांपैकी एक खोटा होता. वरिष्ठ म्हणाले, "कोरला त्यानंच ना? मग घ्या त्यालाच आत." मी घेतले नाही.

फोटो खऱ्या इजिप्शियन शिल्पाचा होता; तो दगडाशेजारी ठेवला. फोटोत जू बैलांच्या शिंगांना बांधलेले, दगडावर मात्र मानेवर.

"हे का बदललं?"

तो उसळला. "शिंगाला जू? मान मोडंल की बैलाची! ह्यो दोनदा बोंबलला, फोटोबराबर कर म्हणून. म्या न्हाई केलं. बघा ह्याच्या मोबाइलात."

जप्त मोबाइलमध्ये दलालाने पाथरवटाला पाठवलेला निरोप सापडला, खुद्द स्वतःच्या आवाजात: "म्हाताऱ्या, जू शिंगावर घे. गिऱ्हाईक शिकलेलं हाये, पकडंल!"

दलालाने पाणी मागितले.

पाथरवटाला मी साक्षीदार केले. जबाब वाचून दाखवताना 'बनावट शिल्प' हे शब्द आले आणि त्याने मला थांबवले. "बनावट न्हाई. नवं लिहा. खोटं ह्यो बोलला, माझा दगड न्हाई."

मी शब्द बदलला. वरिष्ठांनी कारण विचारले, ते सांगितले, आणि 'नवे' तसेच ठेवले. हात ज्याचा, गुन्हा त्याचाच, असे धरून चालणारा तपास आळशी असतो, हे मला त्या टेबलावर कळले.

न्यायालयाच्या आदेशाने नऊ लाख व्यापाऱ्याला परत मिळाले. पाथरवटाला मिळाला फक्त साक्षीचा भत्ता, तोही तीन खेटे घातल्यावर. तिन्ही वेळा मी सोबत गेलो.