पियानोला पाणी

आमच्या लातूरच्या घरात उन्हाळ्यात सगळ्यांत आधी पाणी मिळतं ते पियानोला.

हा पियानो मी मागितला नव्हता. माझा भाऊ नांदेडला ट्रकचा धंदा करतो. परदेशी निघालेल्या कुणा कुटुंबाचं सामान हैदराबादहून हलवताना त्यांनी तो याच्याच गळ्यात मारला. याचा मला फोन, "ताई, एक पेटी आलीय. जुनी हाय, पण वाजती. पाठवू का?" शाळेत असताना मी बाजाची पेटी वाजवायचे, म्हणून "हाव, पाठव" म्हणाले. दारात टेम्पो थांबला, सामान उतरवायला आठ माणसं लागली, तेव्हा कळलं की 'पेटी' हा शब्द किती मोघम आहे!

तेव्हा मी चव्वेचाळीस वर्षांची होते. भावानंच मास्तर शोधले. मुदखेडचे डॅनियल सर, रेल्वेतून निवृत्त झालेले. दर रविवारी लोणच्याच्या बरणीला फोन टेकवून आमचा तास चालायचा. बाकीचे सहा दिवस, हे हार्डवेअरच्या दुकानात गेले की एक तास रियाज. सहा वर्षं मी तो चुकवला नाही. सुतकात आवाज नको म्हणून नुसती बोटं हवेत चालवली. विळीवर बोट कापलं तेव्हा नऊ बोटांनी वाजवलं. (सरांना फरक कळला नाही. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.)

पहिल्याच उन्हाळ्यात पियानो बेसूर झाला. सर म्हणाले, "लाकूड सुकून राहिलंय बाई. खालची फळी काढा अन् आत एक पातेलं पाणी ठेवा. ओल पाहिजे त्याला."

आमच्याकडे नळाला पाणी येतं आठ-दहा दिवसांनी! माझ्या सासूबाईंनी ते पातेलं पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "शिवशिवा! माणसं मोजून तोंड धुवायलीत, अन् ही लाकडाला पाणी पाजायली!"

पण खरा प्रसंग आला तो यंदा. आमची पल्लवी बाळंतपणाला माहेरी आली, मुलगी झाली, आणि पाळणा ठेवायला बैठकीत जागा उरली नाही.

"पेटी भावाला वापस धाड," सासूबाई म्हणाल्या.

"आत्याबाई, सहा वर्षं शिकायले मी!"

"मग बारशाला पाळणा वाजवून दाव की. पण मधी थांबायचं न्हाई. पुरा वाजला तर पेटी हितंच, न्हाई तर नांदेडला."

"हाव! वाजवते!" मी म्हणून बसले. (सहा वर्षांत मी एकही गाणं मध्ये न थांबता वाजवलेलं नव्हतं. हा तपशील त्या क्षणी आठवला नाही.)

हातात बारा दिवस. बाळाची मालिश, बाळंतिणीचा शेक, डिंकाचे लाडू, या सगळ्यातून वेळ काढून पाच-पाच मिनिटं वाजवायचे. चुकले की पहिल्यापासून. अकराव्या दिवशी सकाळी पाळणा न थांबता तीनदा वाजला. मी खुशीत झाकण लावलं आणि बारशाच्या स्वयंपाकाला लागले ती दुसऱ्या दिवशीच पियानोसमोर बसले.

मुरुडहून पल्लवीची सासरची मंडळी आली होती. विहीणबाई बाळाला घेऊन पुढ्यात बसल्या, मागे पंधरा बायका. जावई मोबाईल धरून शूटिंगला उभे. मी सुरू केलं, बायका गाऊ लागल्या. पहिलं कडवं सुरेख झालं. दुसऱ्या कडव्यात एक पट्टी दाबली, ती खालीच राहिली. मग दुसरी. मग एकदम तीन!

"काय झालं गं?" हे कानाशी आले.

"पट्ट्या वर येईनात!" मी उजव्या हातानं वाजवत, डाव्यानं उचकटत होते.

"असं कसं? मी तर काल रात्रीच पाणी ठेवलं."

"तुम्ही?"

"एक बादली सरकवली ना आत. काठोकाठ. म्हटलं, तुझ्या मेहनतीला आपला बी हातभार."

सासूबाई छताकडं बघत पुटपुटल्या, "म्या बी काल दुपारपसून वल्लं लुगडं टाकलं हुतं पट्ट्यांवर. माठाला टाकतो तसं. पाहुणे यायच्या आधी काढलं."

"आत्याबाई! तुम्हाला तर पेटी घालवायची होती!"

"ते घरातलं झालं. मुरुडच्या पाहुण्यांपुढं माझी सून हरंल व्हय?"

सूर येईनात म्हणून मी पायाखालचं पेडल जोरात दाबलं. आतून 'धब्ब' असा आवाज आला. हा सूर पाळण्यात नव्हता. बादली कलंडली होती! फळीखालून पाणी निघालं आणि सरळ विहीणबाईंच्या पैठणीकडे गेलं.

"आगं माय!" त्यांनी बाळाला उचलून धरलं. "पोरीनं केलं का काय?"

"एवढं?" मागून कुणीतरी विचारलं.

बायका पाय वर घेऊन बसल्या, पण त्यांचं गाणं काही थांबेना. आणि मला तर थांबायचंच नव्हतं! पाण्यात पाय, हातात पट्ट्या, तिसरं कडवं सुरू केलं. दाबलेली पट्टी वर काढेपर्यंत पुढची निसटत होती. डोळ्यांत पाणी आलं. (तेवढंच यायचं राहिलं होतं.)

तेवढ्यात सासूबाईंनी लुगड्याचे ओचे वर खोचले आणि माझ्याशेजारी स्टुलावर बसल्या.

"तू दाब, म्या उचलते!"

मी दाबत गेले, त्या उचलत गेल्या. चौथं, पाचवं, सहावं कडवं! शेवटचा सूर वाजला, आणि ओल्या पायांच्या पंधरा बायकांनी टाळ्या वाजवल्या.

"पुरा वाजला," सासूबाईंनी सगळ्यांदेखत निकाल दिला. "पेटी हितंच ऱ्हाईल. पाळणा आतल्या खोलीत बांधा."

पियानो सुकायला तीन आठवडे गेले. दरम्यान जावयांनी ते शूटिंग डॅनियल सरांना पाठवलं. रविवारी सरांचा फोन आला तो मी पहिल्याच रिंगला उचलला. काही झालं तरी, चारचौघांपुढं वाजवलेलं माझं पहिलं पूर्ण गाणं होतं ते!

"दोनदा बघितलं बाई," सर म्हणाले. "तुमचं चालू द्या, होईल हळूहळू. पण त्या शेजारच्या आजीबाई कुणाकडं शिकून राहिल्या हो? लई हलका हात हाय त्यांचा!"