घोटा धरणाऱ्या बायका

'क्लब काही उत्साही मित्रांनी सुरू केला. नंतर महिलांनाही संधी देण्यात आली.'

आमच्या रग्बी लीग क्लबाच्या इतिहासातलं हे वाक्य मी हार्बरफ्रंटला, सेक्रेटरींच्या ऑफिसखालच्या कॉफीच्या दुकानात, त्यांच्यासमोर बसून वाचलं. इतिहास त्यांनीच लिहिला होता. वर्धापनदिनाच्या कार्यक्रमानंतर मराठी स्मरणिका निघणार होती. पुण्यात कॉलेजात असताना मी चळवळीची पत्रकं लिहायचे हे त्यांच्या कानावर गेलं होतं, म्हणून मजकूर 'जरा खुसखुशीत' करायला माझ्याकडे आला.

"संधी कुणी दिली?" मी विचारलं.

"क्लबने."

"आणि तेव्हा क्लब म्हणजे कोण होतं?"

"तू ना, कॉफी प्यायलासुद्धा मोर्चा घेऊन येतेस," ते हसले. "अगं, स्मरणिका आहे. कोर्टातलं प्रतिज्ञापत्र नाही."

ते हसणं मी लक्षात ठेवलं.

क्लब म्हणजे तेव्हा ताई होती. मूळची सांगलीकडची, जिल्ह्याकडून कबड्डी खेळलेली, नोव्हेनाच्या एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट. पीएचडीला पुण्याहून इथे परदेशात आल्यावर माझी पाठ धरली म्हणून मी तिच्याकडे गेले, आणि पाठ पुरती सुटायच्या आत तिने मला पुंगोलच्या मैदानावर उभं केलं. तिच्याबरोबर एक ऑस्ट्रेलियन नर्स होती. तेराजणींच्या या रग्बीचं वेड नर्सचं, माणसं गोळा करायचं वेड ताईचं. आम्हाला नियम कळला तो एवढाच, की बॉल घेऊन पळणारीला पाडायचं. पाडायला आम्हाला येत होतं. निम्म्याजणी शाळेत कबड्डी खेळलेल्या.

पहिल्या मॅचला समोरच्या मुली धडाधड आडव्या झाल्या. पण धरलेला घोटा आम्ही सोडेचनात. या खेळात पाडलेल्या खेळाडूला सोडावं लागतं. ती उठते, टाचेने बॉल मागे सरकवते आणि खेळ पुढे जातो. आमच्या अंगात मुरलेलं वेगळंच. चढाईवर आलेली सुटली की मध्यरेषा गाठणार, म्हणजे घात! रेफ्री शिट्ट्या फुंकून लाल झाला आणि ताई गवतात पडल्या पडल्या ओरडत होती, "सोडू नका गं, दम जाऊ दे तिचा!"

माझी शोभा तर त्याहून मोठी. बॉल घेऊन धावताना मला पकडलं, तेव्हा पुढच्या रेषेकडे झेप घ्यायची सोडून मी मागे वळले आणि मध्यरेषेकडे हात लांबवला. बॉल गेला घरंगळत. मला पाडणारी मुलगी माझ्या पाठीवर बसून म्हणाली, "व्हेअर यू गोइंग, सिस? दॅट साइड, लाह!"

सडकून हरलो. पण वेळेवर सोडायला शिकलो आणि मग त्याच घोटापकडीला बाकीचे क्लब घाबरायला लागले. आमच्यातल्या काहींचे नवरे, काहींचे ऑफिसमधले मित्र तेव्हा कडेला बसून पाण्याच्या बाटल्या सांभाळायचे. सेक्रेटरी त्यांतलेच. पुरुषांची टीम पुढे झाली, आणि तिला पकड शिकवली ती ताईनेच.

सेक्रेटरींच्या मजकुरात मात्र ती पकड 'आमच्या मित्रांनी शोधलेली' झाली होती, आणि ताईचा तर उल्लेखही नव्हता.

"ताई जातेय ना आता कायमची सांगलीला?" सेक्रेटरी म्हणाले. "मग कशाला वाद?"

म्हणजे ती गेली की हेच पान खरं. ताईला सांगितलं तर ती म्हणाली, "जाऊ दे गं. खेळलो ना आपण?"

मी नाही जाऊ दिलं. पुण्यात असते तर दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवर पत्रक असतं. इथे मी स्टुडंट पासवर. कागद वाटण्याआधी विचार करावा लागतो. म्हणून मजकूर दाबून ठेवला आणि वर्धापनदिनाची वाट पाहिली.

त्या दुपारी पुंगोलच्या मैदानावर सगळे सहकुटुंब जमले होते. सेक्रेटरी माइकवर 'आपली सुप्रसिद्ध पकड' समजावून सांगत होते.

"सर, करून दाखवा की!" मी गर्दीतून ओरडले. "ताईवर!"

"नको, ताईंना लागेल."

"मग ताई तुमच्यावर करेल!"

पोरींनी आरडाओरडा केला. ताईने माझ्याकडे बघून नकारार्थी मान हलवली. तिथेच सगळं थांबलं असतं. पण सेक्रेटरींनी चष्मा बायकोकडे दिला, माइक माझ्याकडे दिला आणि म्हणाले, "हळू हं ताई. तुम्हाला सवय राहिली नसेल."

ताईने पदर नसतानाही पदर खोचल्यासारखा हात कमरेला नेला. ते बॉल घेऊन धावले. ती गुडघ्यावर उतरली, घोटा धरला, आणि साहेब गवतावर पालथे. कुणीतरी गमतीने शिट्टी मारली, तरी तिने सोडलं नाही.

मी त्यांच्या तोंडाशी माइक धरला. "सर, ही पकड क्लबात कुणी आणली?"

"अगं, पाय..."

"कुणी?"

"ताईंनी! ताईंनी आणली!"

"तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"बाहेर... बाटल्या..."

सगळ्यात आधी त्यांची बायको हसली. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू? मग ताईने पाय सोडला, घोटा दोन्ही हातांत घेऊन वळवून बघितला आणि म्हणाली, "काही झालेलं नाही. उठा."

जाताना ते मला म्हणाले, "लिही बाई तुला काय लिहायचं ते."

लिहिलं. ताई, नर्स, शिट्ट्या, मध्यरेषेकडे गेलेला माझा हात, सगळं. त्यांच्या मजकुरातलं एकच वाक्य ठेवलं, एक शब्द बदलून: 'नंतर पुरुषांनाही संधी देण्यात आली.'

वाचून त्यांचा फोन आला. "हे जरा अपमान केल्यासारखं वाटतं गं."

"वाटतं ना?" मी म्हटलं, आणि पान छापायला पाठवलं.