चौकटी कंसातले नव्व्याण्णव कागद

त्या बाईंनी पंचांसमोर लिहिलेली एक ओळ मी अजून विसरलेलो नाही.

कापसाने जिल्ह्याचे कंबरडे मोडले होते, ती वर्षे. मी कोकणातला, सातवीनंतर शाळा सुटलेला. शिपाई म्हणून भरती झालो आणि खात्याच्या कृपेने फौजदार होऊन घाटंजीकडे आलो. एका कार्यालयाने शेतविहिरींची मंजुरीपत्रे वेबसाइटवर टाकली होती. फॉर्म भरून देण्याचे केंद्र चालवणाऱ्या एका बाईंनी ती सगळी आपल्या संगणकावर उतरवून घेतली आणि दारावर कागद लावला: पहिली नव्व्याण्णव पत्रे उघडत नाहीत. झाले. आपल्या विहिरी कोणी खाल्ल्या म्हणत लोकांनी कार्यालयाला घेराव घातला. तिथल्या साहेबांनी तक्रार दिली की बाईंनीच कार्यालयाच्या संगणकात घुसून, तो फोडून पत्रे खराब केली. खबऱ्याने भर घातली, "तिच्या काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आपोआप सरसर पयतात."

वरून रोज फोन, अटक कधी? मला फाइल म्हणजे लाल फितीची, एवढेच ठाऊक. मी केंद्रातला संगणक जप्त केला, बाईंना दिवसा बोलावले, शेजारी महिला शिपाई बसवली.

"कुलूप कसे तोडले?"

"कुलूप असन तं तोडीन ना साहेब. पत्ता साऱ्याईले उघडा हाये. एकेक पत्र उघडत बसली तं लाइट जाते. म्हून कर्ल नावाचा प्रोग्राम वापरला. पत्त्यात नंबराच्या जागी चौकटी कंस, त्यात एक ते तीनशे चाळीस. एका ओळीत सारे पत्र येते."

"मग नव्व्याण्णव कुठे गेली?"

"तेच तं त्याईले इचारून राह्यली. मले कायले पकडता?"

हवालदार कानाशी लागले, "साहेब, मले काहीच समजून नाही राह्यलं. अटक करून टाका, कोर्ट समजून घेईन."

घर लांब, चूक झाली तर पाठीशी कोणी नाही. मी अटकेचे कागद टाइप करायला सांगितले. तेवढ्यात हवालदारांनी संगणकाला चिठ्ठी बांधली: मुद्देमाल ०४१. आकडा तीन घरांचा लिहायचा, म्हणजे पुढे कोणी काही घुसडत नाही, ही त्यांची जुनी सवय. मी पाहत राहिलो. शंभरपासून पुढची सगळी नीट कशी?

"बाई, कार्यालयाच्या पहिल्या पत्रावर नंबर कसा आहे?"

त्यांनी पाहिलाच नव्हता. संगणक जीपमध्ये घालून केंद्रावर नेला, तक्रारदार साहेबांना आणि पंचांना बोलावले. साहेबांनी स्वतःच्या कार्यालयाचे ते पान तेव्हा प्रथमच उघडले. पहिले पत्र होते ००१. बाईंनी कपाळावर हात मारला. त्यांनी कंसात नुसता १ लिहिला होता. त्या नावाचे पत्र तिथे नव्हतेच, म्हणून पत्राऐवजी 'सापडले नाही' एवढाच निरोप उतरला होता. पंचांसमोर त्यांनी ती ओळ पुन्हा लिहिली, कंसात ००१ ते ३४०, आणि कळ दाबली. सगळी पत्रे आली, सगळी उघडली.

साहेब म्हणाले, "पण उतरवून घेतलीच ना?"

"लोकांनी पाहावी म्हणून तुम्हीच टाकलीत," मी म्हणालो, आणि पंचनामा पुरा केला.

"माही बी चूक हाये," बाई म्हणाल्या. "कागद लावाच्या आधी एक पत्र हातानं उघडून पाहाले पाह्यजे होतं."

अख्ख्या प्रकरणात चूक कबूल करणाऱ्या त्या एकट्याच. माझ्या टेबलावर अटकेचे कागद सहीसाठी तयार पडले होते, तेही पुराव्यापेक्षा माझ्या भीतीने. त्यानंतर 'फोडले', 'चोरले' असे तक्रारीत दिसले, की मी तक्रारदारालाच आधी म्हणे, चला, दाखवा. संगणक परत देताना मी ०४१ची चिठ्ठी सोडवून घेतली. ती अजून माझ्या पाकिटात आहे.