आप्पाने बसवलेले ब्रेक

आप्पा गेल्याची बातमी मला घाटनांदूरच्या बाजारात, एका बैलाचे दात बघताना कळली. सिरसाळ्याहून आलेला माणूस म्हणाला, "परवा पहाटं छातीत कळ आली, अन् संपलं." मी बैल तसाच सोडला आणि निघालो. पोचलो तेव्हा माती होऊन गेली होती. आप्पाच्या मोटार दुरुस्तीच्या शेडपुढं, अंगणात पाच-पंचवीस माणसं बसली होती. कुणीतरी हळहळून म्हणालं, "हात लई गुणी होता बघा. पण त्या शर्यतीच्या ब्रेकात फसला..." सगळ्यांनी माना हलवल्या. मी पुढ्यात आलेला चहा प्यालो आणि गप्प बसलो. बारा वर्षं मी हेच करत आलो होतो. त्याला आता दीड महिना झाला.

शिवलिंगआप्पा वाण्याच्या घरातला. बापाचा तराजू सोडून हा हैदराबादला पळाला, तिथल्या मोटारींच्या कारखान्यात चार वर्षं हात काळे केले आणि हत्यारांची पेटी घेऊन गावी परतला. तेव्हा आमच्या मुलखात मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या. त्यातली एक माझी. देशमुखी घरात जन्मलो, जमीन आयती मिळाली, अक्कल मात्र ज्याची त्यानं मिळवायची असते, ती राहून गेली. सिकंदराबादच्या छावणीतल्या एका गोऱ्या साहेबानं काढून टाकलेली लाल, बसकी, दोन माणसांची उघडी मोटार मी हौसेनं आणली होती. शेजारच्या एका जहागीरदारांनी घोड्यांसाठी आखलेल्या गोल मैदानावर जत्रेनंतर मोटारींची शर्यत जाहीर केली आणि माझ्या अंगात वारं शिरलं.

आप्पानं गाडी घेऊन मैदानावर एक चक्कर मारली आणि खाली उतरून म्हणाला, "पळायला लई गुणाची हाय. पण थांबायचं हिला कुणी शिकवलंच न्हाई." ब्रेक होते ते फक्त मागच्या दोन चाकांना. दोन-तीन वळणं जोरात घेतली की ते तापून धुरकटायचे आणि मग पाय कितीही दाबा, गाडी आपल्याच तालात. मी म्हणालो, शर्यत म्हणजे पळणं, थांबायचं काय घेऊन बसलास? तो हसला. "पळवणारे लई असतेत, भाऊराव. वळणाच्या तोंडाशी आवरून जो पुन्हा सोडतो, तो पुढं जातो."

दीड महिना तो त्या गाडीखाली होता. एका मोडक्या लॉरीच्या ब्रेकांचे मोठे ड्रम त्यानं मागं बसवले. हैदराबादच्या भंगारातून नव्या मोटारीचा पुढचा आस आणून पुढच्या चाकांनाही ब्रेक दिले. ड्रमला आतून घासून चाक धरणारे पट्टे तांब्याच्या रिबिटांनी ठोकले. आत वारा खेळावा म्हणून ड्रममागच्या पत्र्यांना भोकं पाडली. मग गाडी ठोकळ्यांवर चढवून एकेक चाक हातानं फिरवायचं, मला ब्रेक दाबायला सांगायचं, आणि चारही चाकं सारखीच धरतात का ते बघायचं... दिवसातून वीसदा. मी वैतागायचो. तो कधी वैतागला नाही. गावोगाव उतारू नेणाऱ्या सर्व्हिस मोटारी चालवणारे एक मालक शर्यत बघायला येणार होते. हे ब्रेक टिकले तर आपल्या सगळ्या गाड्यांना आप्पाकडूनच बसवून घेऊ, असं त्यांनी कबूल केलं होतं. आप्पाला शर्यतीचं काही नव्हतं. त्याला ते काम हवं होतं.

नवे पट्टे ओरडायचे मात्र फार. दाबले की अशी किंकाळी, की बैल दावी तोडायचे. "ओरडू दे," आप्पा म्हणाला, "दोन-चार दिसात बसतील. तू हात लावू नको बे."

पण आमच्यात कुरकुरतं चाक म्हणजे घरधन्याची अब्रू गेली समजा. लग्नाला निघालेली बैलगाडी कुरकुरली तर बायका तोंडाला पदर लावून हसतात. जहागीरदारांसमोर, एवढ्या पाहुण्यांसमोर आपली मोटार किंचाळणार, हे मला सोसेना. शर्यतीच्या सकाळी आप्पा आंघोळीला गेला. मी बैलगाडीखाली टांगलेला वंगणाचा नळा काढला आणि आप्पानं वाऱ्यासाठी पाडलेल्या भोकांतून चारही चाकांत एरंडेल ओतलं. आपण मोठं शहाणपण केलं, असंच मला वाटलं.

पहिली फेरी सुरेख गेली. आवाज नाही, काही नाही. शेजारी बसलेल्या आप्पानं एकदा माझ्याकडं चमकून पाहिलं तेवढंच. दुसऱ्या फेरीला बाभळींच्या वळणावर मी ब्रेक दाबला, पण तेलावरून पट्टे नुसतेच घसरले आणि गाडी सरळ दगडी बांधावर. मला खरचटलं. आप्पाचा उजवा गुडघा चेचला, तो कायमचा.

दुसऱ्या दिवशी त्यानं एक ड्रम खाटेशी मागवला. आत बोट फिरवलं, नाकाशी नेलं. मी उशाशीच बसलो होतो. त्यानं माझ्याकडं पाहिलं, मी जमिनीकडं. तेवढ्यात ते सर्व्हिसवाले मालक आले आणि विचारू लागले, काय झालं? आप्पा म्हणाला, "मपल्याच हातानं चूक झाली, मालक." ते काम दुसरीकडं गेलं. आणि मी... मी काहीच बोललो नाही. भ्यालो होतो, दुसरं काय?

गेल्या आठवड्यात पुन्हा सिरसाळ्याला गेलो. आता शेड आप्पाचा थोरला मुलगा मन्मथ बघतो. माझ्या हल्लीच्या गाडीचं चाक उतरवण्याआधी त्यानं विचारलं, "काका, आत तेल तर न्हाई ना घातलं?" मी दचकलो. तो म्हणाला, "आप्पा परतेक गिऱ्हाइकाला विचारायचे. कावून, ते कदी सांगितलं न्हाई."

"माझ्यामुळं," मी म्हणालो, आणि सगळं सांगून टाकलं. त्यानं हातातला पाना पेटीत ठेवला. मग म्हणाला, "आईला सांगा."

वहिनी आत ज्वारी निवडत होत्या. माझं बोलणं संपेपर्यंत त्यांनी सूप खाली ठेवलं नाही.

"मला ठाव हाय," त्या म्हणाल्या. "त्यांनी त्याच दिशी सांगितलतं. मी लई भांडले. तर म्हणले, पाय गेला तो गेला, आता दोस्त कशाला घालवू?"

मला रडू आवरेना. त्यांनी पाणी दिलं, आणि मी पिऊन होईपर्यंत थांबल्या.

"पण मला सांगून काय, भाऊजी? त्या दिशी अंगणात बसलते, त्यांना सांगा."

त्यातले निम्मे लोक वर्तमानपत्राची ही पुरवणी वाचतात, उरलेल्यांना कुणीतरी वाचून दाखवील. तर मंडळी, आप्पाचे ब्रेक चांगले होते. तेल मी घातलं होतं.