खोली खरी, गुन्हा खोटा

गुन्हेगारी मालिका लिहिणाऱ्या बाईंचा एकच नियम होता: खोली खरी घ्यायची, गुन्हा खोटा. पंचवीस वर्षांत त्यांनी सहाशेच्या वर खून पाडले होते, आणि घरात झुरळ निघालं तर मात्र सुनेला हाक मारत. खून डोक्यातून यायचा. पण तो जिथे व्हायचा ते दवाखाने, जिने, दुकानं त्या स्वतः जाऊन बघून यायच्या. कपाटाचं कुठलं दार नीट लागत नाही, इथपर्यंत टिपून घ्यायच्या. म्हणून तर लोकांना त्यांचे भाग खरे वाटत. याचा त्यांना भारी तोरा होता.

त्या तोऱ्यानेच घात केला. गल्लीच्या कोपऱ्यावरच्या घड्याळजीकडे त्यांनी भिंतीवरचं घड्याळ दुरुस्तीला टाकलं आणि त्या निमित्ताने आठवडाभर त्याच्या स्टुलावर ठाण मांडलं. भिंतभर घड्याळं, प्रत्येकाची वेळ वेगळी. तिसरा खण अडकायचा, गुडघ्याने ढकलल्याशिवाय उघडायचा नाही. बाईंनी सगळं जसंच्या तसं उचललं आणि त्या खणात एका बेपत्ता बायकोचं मनगटी घड्याळ ठेवून दिलं. शेवटी मालिकेतला घड्याळजी सलग चार मिनिटं कबुली देतो आणि फरशीकडे बोट दाखवतो. तो भाग तुफान गाजला.

बाई चौकशी करत ती खोल्यांची, माणसांची नाही. त्या घड्याळजीची बायको दोन वर्षांपूर्वी खरोखरच घरातून गेली होती, हे त्यांच्या गावीही नव्हतं. गल्लीला तेवढं पुरलं. आठवड्यात गिऱ्हाईक तुटलं. महिन्याभरात कुणाच्या तरी अर्जावरून पोलीस आले, त्यांनी दुकानाची फरशी उकरली. खाली माती निघाली, दुसरं काही नाही. घड्याळजी एवढंच म्हणत राहिला की ती बरी आहे. कुठे आहे, ते सांगेना. दुकान बंद करून जाताना त्याने बाईंचं घड्याळ दुरुस्त करून दारात आणून दिलं. बाईंनी त्याच्याकडे मान वर करून पाहिलं नाही. ते घड्याळ आजही त्यांच्या लिहायच्या टेबलासमोर चालतं, मिनिटाचा फरक नाही. बाई लिहिता लिहिता मधेच थांबून त्याची टकटक ऐकत बसत. आवाजाचा त्रास होतो तर काढून टाकू, असं सून कितीदा म्हणाली. बाईंना भीती वाटायची. काढल्यावरही ऐकू आलं तर काय करायचं?

आता, पंधरा वर्षांनी, वाहिनीने बाईंचे सर्वोत्तम दहा भाग पुन्हा दाखवायचं ठरवलं. पहिला नंबर अर्थात घड्याळजीच्या भागाचा. तो तेवढा वगळा, असं बाईंनी सांगून पाहिलं. निर्माता त्यांच्या मुलाच्या वयाचा. तो म्हणाला, प्रेक्षकांनीच निवडलाय, आणि हक्क तर वाहिनीचे. बाईंच्या हातात उरली ती भागाआधी स्वतः बोलायची दोन मिनिटं: ही कल्पना तुम्हाला कशी सुचली?

जाहिरात लागली आणि तिसऱ्या दिवशी दुपारी एक साठीची बाई जिना चढून धापा टाकत दारात आली. सुनेने तिला बसवून पाणी दिलं.

"मी घड्याळजींची बायको," ती म्हणाली. "तुम्ही फरशीखाली पुरलीत ती."

सहाशे मेलेल्यांपैकी एक जण समोर बसून पाणी पीत होतं.

ती सांगत गेली. मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून तिचे भाऊ तिला फरफटत माहेरी नेणार होते, म्हणून ती दूरच्या गावी एका पाळणाघरात कामाला गेली. नवऱ्याने स्वतः तिला गाडीत बसवून दिलं आणि पत्ता कुणालाही सांगणार नाही असा शब्द दिला. फरशीचं त्याने पत्रातही कधी लिहिलं नाही. गेल्या वर्षी तो वारला, तेव्हा तिला ते शेजाऱ्यांकडून कळलं. भाऊही आता उरले नव्हते.

चार मिनिटांची कबुली लिहिणाऱ्या बाईंच्या तोंडून "चुकलं माझं" एवढंच निघालं.

तिने तो भाग बघायला मागितला. दोघी शेजारी बसून बघत होत्या. कबुली संपेपर्यंत ती डोळ्यांची पापणी न हलवता बघत राहिली.

"छान बोलतो हा," ती म्हणाली. "आमचे हे एक वाक्य बोलले असते तर सुटले असते. ह्यांनी काही केलं नव्हतं, एवढं लोकांना कळू दे. बाकी मला काही नको."

चित्रीकरणाच्या दिवशी बाईंनी दुसरी खुर्ची मागवली. दिवे लागले. बाईंनी आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं: दुकान खरं होतं, माणूस खरा होता, तो निर्दोष होता, आणि ही त्याची बायको. बोलताना त्यांचा आवाज दोनदा फुटला. पंधरा वर्षांत पहिल्यांदा त्यांना हलकं वाटलं.

कॅमेरा थांबला. निर्माता टाळ्या वाजवतच पुढे आला. अंगावर काटा आला म्हणाला, जाहिरातीतही हेच वापरू म्हणाला. मग त्याने कौतुकाने विचारलं, या काकू कुठल्या नाटकात काम करतात?

"मी खरीच आहे," ती म्हणाली.

"तेच तर," तो म्हणाला. "बाईंचं सगळं खरंच वाटतं."

तिने बाईंकडे पाहिलं. आता बाईंनीच बोलायला हवं होतं. बाईंनी तोंड उघडलं, आणि त्यांना एकही शब्द सुचला नाही.